पांढरे तंतू

रविवार, दिनांक बारा जानेवारी, सकाळी अकरा वाजता निपाणी येथे समताला पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला. थोरल्या भावाला, दीपंकरला, स्किझोफ्रेनिया आहे, हे तिने स्वतःच सांगितले. अशा रुग्णांच्या भावंडांच्या मेंदूवरील संशोधनासाठी बेळगावात आपण स्कॅन करून घेतल्याचेही लपवले नाही. मुलाच्या मामांनी त्या स्कॅनची फिल्म मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. “पांढरं लई दिसतंय की गं.” “मामा, ते मेंदूचे भाग जोडणारे तंतू. तुमच्याही डोक्यात आहेत.” “आमच्या घराण्यात असलं काय न्हाय. पोरगी चालंल, पर लग्नात भाऊ दिसायला नको.” आईने आतल्या खोलीत बसवून ठेवलेल्या दीपंकरला समताने हाताला धरून आणले आणि मामांच्या शेजारी बसवले. नवरा मुलगा पोह्यांकडे पाहत राहिला. चहाचा ट्रे परत उचलत आई म्हणाली, “आमाला मुलगा पसंत न्हाय.”