नावाचा कायदा

उंच इमारतीच्या काचा पुसताना दोर तुटला आणि तिचा नवरा गेला. दोर कुजलाय, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. शिवणयंत्र बंद ठेवून ती दारोदार फिरली, लोकांच्या सह्या गोळा केल्या आणि गठ्ठा घेऊन थेट मंत्र्यांच्या दालनात उभी राहिली. मागणी एवढीच होती: रोज सकाळी दोर तपासायची सक्ती कंपनीवर करा.

बघता बघता कायदा झालासुद्धा. मोठा समारंभ झाला. मंत्र्यांनी तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला.

"ताई, कायद्याला तुमच्या यजमानांचं नाव दिलंय. अमर झाले ते!"

शेजारच्या खुर्चीत कंपनीचे मालक मान डोलावत हसत होते. ते हसू बघून तिने मंत्र्यांना विचारलं,

"साहेब, मग आता दोर कोण तपासणार?"

"ज्याला वर चढायचंय तो. तशी सही दिल्याशिवाय कुणाला चढूच देणार नाहीत. म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं, तर कंपनीच्या मागे कोर्टाची कटकट नको."

तिने पुष्पगुच्छ मालकांच्या मांडीवर टाकला आणि ती तडक बाहेर पडली.

हल्ली ती पुन्हा सह्या मागत फिरते. लोक दार अर्धवट उघडून वैतागतात, "अहो बाई, कायदा झाला, एवढा मान मिळाला. आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

"त्या कायद्यावरून माझ्या नवऱ्याचं नाव काढून हवंय."