कुणावर गेली?

बालवाडीच्या बाईंनी दोन्ही बातम्या एका दमात सांगून टाकल्या. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या बहिणींपैकी थोरलीनं अख्खी कविता कुठेही न अडखळता म्हणून दाखवली होती, आणि धाकटीनं शेजारच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता.

बाबांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे. फाटकाबाहेर येताच त्यांनी दोघींतली एक उचलली आणि कौतुकानं खांद्यावर बसवली.

"ही अगदी माझ्यावर गेलीय," ते बायकोला म्हणाले. "तीच तल्लख बुद्धी." मग आईचं बोट धरून चालणाऱ्या दुसरीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "आणि हे ध्यान गेलंय मामावर. तुझ्या माहेरची माणसं म्हणजे एकजात तिरसट. रक्तातच असतं ते, शिकवून येत नाही."

"अहो, जरा नीट बघा तरी."

"काय बघायचंय?" बाबा वसकन तिच्या अंगावर आले. "मी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, किती वेळा सांगितलं? आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला चावलेलं नाही."

आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. तिला हसू आवरत नव्हतं.


खांद्यावरची लेक वाकून बाबांच्या कानाशी लागली. "बाबा, कविता तिनं म्हटली. चावले ती मी."