लाल कापडातली पुडी

ब्रेंट हॅलवर्सनने तंबाखूची पुडी डाव्या हातात धरली होती. डावा हात काळजाच्या बाजूचा. पुडी लाल कापडात बांधलेली, अगदी रीतसर. पूर्वी त्याच्या तेल कंपनीची माणसे कॅनडातल्या या क्री आदिवासींच्या वस्तीत नकाशे घेऊन येत आणि बूटही काढत नसत. आता ती शिबिरात रीतिरिवाज शिकून येतात. यालाच प्रगती म्हणतात.

क्लेमेन्स कार्डिनल खिडकीपाशी बसली होती. वस्तीतली सर्वांत वडीलधारी बाई. लहानथोर तिला 'कोकुम', म्हणजे आजी, म्हणत. आज ब्रेंटही म्हणत होता. ती थकली होती. वयाने थोडी, पाहुण्यांनी फार.

समोर पेरू देशातून आणलेली रोसालिया आणि तिची दुभाषी. कंपनीला आता कॅनडातले तेल पुरत नव्हते. रोसालियाच्या गावच्या नदीखालचेही हवे होते. रोसालिया 'हो' म्हणाली, तरच तिचे गाव कागदावर अंगठा उठवणार होते.

"कोकुम, यांना एवढंच सांगा," ब्रेंटने पुडी पुढे केली, "आमच्या शेजारात तुमची इतकी वर्षं कशी गेली."

क्लेमेन्सचा भाचा अल्फी, वस्तीचा चीफ, तिच्या कानाशी लागला. "मावशी, करार आठवतोय ना? कंपनीविरुद्ध अवाक्षर नाही. दवाखाना त्यांच्याच पैशांवर चाललाय."

"आठवतो रे बाबा. म्हणून तर पाहुण्यांशी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारते. त्यातही पाण्याचं जपूनच."

पाहुण्यांची अशी कैक शिष्टमंडळे आली नि गेली. तिने प्रत्येकाला चहा दिला, तव्यावरची रोटी दिली, हसू दिले. तंबाखू मात्र कोणाकडून घेतली नाही. साहेबांना तो विनय वाटे. पुडी घेतली की मागितलेले द्यावे लागते, हे ब्रेंटला शिबिरात शिकवले होते. द्यायचे ते उत्तर खरेच असावे लागते, हा नियमाचा उत्तरार्ध बहुधा जेवणाच्या सुटीत राहून गेला असावा.

क्लेमेन्सने हात पुढे केला.

"मावशी!" अल्फी पुटपुटला.

पुडी तिच्या मुठीत गेली. ब्रेंटने छायाचित्रकाराला खूण केली.

रोसालियाने काहीतरी विचारले. "त्या विचारताहेत," दुभाषी म्हणाली, "यांनी तुम्हाला काय दिलं?"

"तोंड. करारानं बंद केलेलं, आज पुडीनं उघडलं."

दुभाषी अडखळली. "मी नीट ऐकलं ना?"

"नीट ऐकलंस, पोरी. आता नीट सांग."

ब्रेंट अजून कॅमेऱ्याकडे पाहून हसत होता. क्लेमेन्स गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"चहा ठेवते," ती रोसालियाला म्हणाली. "बोलायला वेळ लागेल."

आणि खिडकीबाहेर काठोकाठ वाहणाऱ्या नदीकडे पाठ करून तिने दुकानातल्या पाण्याच्या बाटलीचे बूच फिरवले.