गरम डोक्याचा सर्व्हर

"साम्राज्यं ताकदीवर उभी राहतात!" महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी संघाचे व्यवस्थापक बावळेकरअण्णा गरजले आणि मुठीच्या दणक्याने टेबलाचा टेकू निसटला.

साताऱ्याची इंजिनिअर शर्वरी बारा वर्षं जुना सर्व्हर न्यायला आली होती. त्याच्या जागी तिने पाटीएवढा लॅपटॉप मांडला होता.

"अण्णा, तुमच्यासमोरच दोघांना एक काम दिलं. सर्व्हरला सहा मिनिटं लागली, याला दोन."

"अगं, त्यात दोन-दोन प्रोसेसर आहेत, सोळा कोअरचे! ही तुझी टिकलीएवढी चिप त्याच्यापुढे काय?"

"नवी आहे. पंधरा वॅटवर पळते. तुमचा तो नुसता बसून दोनशे खातो."

"खाणारच! राबतो तो. चोवीस तास घरघरतो. आणि हा? आवाज नाही, धग नाही. हात लावून बघ, मेल्या माशासारखा गार!"

"गार राहतो हाच त्याचा गुण, अण्णा."

"गुण? जुलै महिन्यात, या धुक्यात, गुण?" अण्णांची कानशिलं लाल झाली. "बारा पावसाळे त्याने हे ऑफिस जगवलंय. मी मेल्यावर न्या त्याला!"

शर्वरीने सर्व्हर हलवण्याच्या आदेशाचा कागद पुढे केला. त्यावर अध्यक्षांची सही होती. अण्णांनी तो दोनदा वाचला, दात खात परत दिला आणि सर्व्हरच्या मागे डोकावून आले. मग आवाज एकदम खाली आला.

"संध्याकाळी न्याल का, मॅडम? मागे सगळ्या स्टाफचे मोजे वाळत घातलेत."