दोऱ्याचं टोक
ओला कापूस. अर्धी शिवलेली बाही. थांबलेलं शिलाई मशीन. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "खड्ड्यातली रक्ताची गाठ जपा. ती निघाली तर पांढरं हाड उघडं पडेल. काही चोखू नका." आणि आज सुई ओवताना तिने सवयीने दोऱ्याचं टोक तोंडात धरून चोखलं. जिभेला रक्ताची चव लागली. संध्याकाळी नवरा दमून आला तेव्हा ती गाल धरून बसली होती. "अहो, बघा ना, गाठ आहे की गेली?" "आ कर." त्याने टॉर्च मारला. "काळं दिसतंय." "नक्की? पांढरं नाही ना?" "काळंच. गाठ आहे. जरा गप्प बस, मलाही आराम." हसू आवरत ती भिंतीला टेकली आणि तशीच झोपली. जवळचं बघायचा चष्मा तो निघताना कामावरच विसरला होता. त्याशिवाय त्याला पेपरातले मथळेही दिसत नाहीत.