तासाला दोन युनिट

घड्याळजीने चपला काढायच्या आधी हिटरच्या जाळीवर हात ठेवला. जाळी गार होती.

"कधी बंद केलास?" त्याने विचारलं.

"लावलाच नाही," बायको पांघरुणातून म्हणाली. "संध्याकाळचा एक तास ठरलाय ना? तुम्ही आलात की लावायचा."

त्याने तिचा हात हातात घेतला. तळवा चांगला ऊन होता. त्याने नुसती मान हलवली.

हिटर आणला तो थंडीच्या तोंडावर. त्याच सुमारास वरच्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं, जिन्याखालच्या फळीवर नवे मीटर बसले आणि हिचा खोकला सुरू झाला. तासाला दोन युनिट जळतील, असं दुकानदाराने सांगितलं होतं. रोजचा एक तास म्हणजे महिन्याला साठ युनिट. घड्याळं दुरुस्तीला येणं कमी झालं होतं, तरी तेवढं अंथरूण पायापुरतं होतं.

पहिलं बिल आलं. साठ युनिट वाढायला हवी होती, वाढली अडीचशे.

त्याने बिल तिच्या पांघरुणावर पसरलं आणि डोळ्याला कामाचं भिंग लावून आकडे पुन्हा वाचून दाखवले. मी दुकानात गेलो की तू दिवसभर हिटर लावून बसतेस, असं तो म्हणाला. ती नाही म्हणाली. माणसाची जीभ घसरते, यंत्राचा आकडा घसरत नाही, असं त्याने ऐकवलं. मागे पडणारी, पुढे पळणारी घड्याळं दिवसभर उघडून बसणारा माणूस, पण म्हणाला खरं.

"मग यंत्राशीच करायचा होतात संसार," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

अबोला धरला तो कितीतरी दिवस. सकाळी खिडकीत घटकाभर ऊन येई. तिथे खुर्ची ओढून ती बसे आणि स्वतःशीच गुणगुणे:

ऊन आलं दारी, त्याला आत घे गं बाई,
घडीभर टेकू दे, त्याला जायाची घाई.

दुसरं बिल पहिल्याहूनही मोठं निघालं. या वेळी तो ओरडला नाही. चहाचा कप तिच्या हातात दिला, शेजारी बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं हलक्या आवाजात म्हणाला, "मी रागवणार नाही. फक्त खरं सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"लावते हो," ती म्हणाली. "थोडा वेळ. तुम्ही गेल्यावर."

त्याच्या छातीवरचं ओझंच उतरलं. घड्याळजीच्या बायकोनेच वेळ चोरावा म्हणजे झालं, अशी त्याने थट्टा केली. तीही हसली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. उद्यापासून नाही लावणार, असं तिने कबूल केलं, आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. रोज घरी आल्यावर तो तिचा हात हातात घेई. हात उबदारच असे. खोटारडी, असं तो मनात म्हणे.

महिनाभराने ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. थंडी छातीत मुरलीय, असं डॉक्टर म्हणाले. अंगात ताप कित्येक दिवसांचा असावा, हाताला कधी लागला नाही का, असंही त्यांनी विचारलं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी गेली.

तिसरं बिल त्या अकरा दिवसांतच आलं होतं. ते त्याने उघडलं सगळं उरकल्यावर. आकडा तसूभरही उतरला नव्हता. म्हणजे शब्द देऊनही तिने हिटर लावणं सोडलं नव्हतं. रिकाम्या पलंगावर बसून तो पहिल्यांदा पोटभर रडला.

"बरं केलंस," तो तिच्या उशीला म्हणाला. "माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस."

मग भेटायला येईल त्याला तो हेच सांगू लागला. मी चिक्कू, पण ती माझ्यावर सवाई. माझ्यामागे दिवसभर शेकत बसायची. लोक खाली बघत. त्याला मात्र तेवढ्यावरच झोप लागे. जी काही ऊब तिला मिळाली, ती त्याच्यापासून चोरून का होईना, मिळाली होती.

बहीण त्याला न्यायला आली. एकट्याने इथे काय करणार दादा, असं म्हणून तिने दोन दिवसांत सामान बांधलं. निघायच्या दिवशी दिवेलागण झाली होती. ती आत शेवटची पिशवी भरत होती. मेन स्विच बंद करून ये, असं तिने आतूनच सांगितलं.

तो जिन्याखाली गेला. आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या मीटरखालचा खटका त्याने खाली ओढला.

त्याच्या घरातला दिवा तसाच जळत राहिला. वरच्या मजल्यावर अंधार झाला, आणि कठड्यावरून वाकून वरची बाई म्हणाली, "काका, तुमच्याकडे लाइट आहे का हो? आमचा हिटर बंद पडला."