आतून उघडलं तर

सेल्समनने टीपॉयवर अलार्मचे तीन डबे मांडले आणि विचारलं, "सर, डर बाल्कनी से है या मेन डोर से?"

"मेन डोर," प्रफुल्ल म्हणाला. मग आवाज खाली आणून, "अंदर से खोले तो भी बजेगा?"

"अंदर से?" सेल्समन हसला. "सर, चोर तो बाहर से आता है."

आता याला काय कप्पाळ सांगायचं? सोफ्यावर प्रफुल्लची आई, कुसुमावतीबाई, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. भंडाऱ्याच्या शाळेत तीस वर्षं बाई होत्या. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, पण हल्ली रोज सकाळी त्यांची शाळेची वेळ होते. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या फ्लॅटमधून गेल्या महिन्यात त्या दोनदा निघून गेल्या. दुसऱ्यांदा थेट संध्याकाळी सापडल्या, मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर, एकाच पायात चप्पल.

"चोरांचा फार सुळसुळाट झालाय का रे?" त्यांनी विचारलं.

"हो ना, आई. सोसायटीत दोन घरं फुटली."

धडधडीत खोटं. दुसरीत असताना खोटं बोलला म्हणून याच बाईंनी त्याला भर वर्गात अंगठे धरायला लावले होते.

त्याच्या बायकोने, शीलाने, त्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, खरं सांगून टाका ना त्यांना."

"काय सांगू? आई, तुला कोंडतोय, असं? तुला जमत असेल तर तू सांग."

दोघं नऊला ऑफिसला निघणार, आईंजवळ बसणारी बाई अकराला येणार. मधल्या दोन तासांचाच काय तो प्रश्न होता. त्या दोन तासांसाठी दोघांपैकी एकालाही रजा मिळत नव्हती. खरं म्हणजे मागितलीच नव्हती.

मधला डबा ठरला; त्याचा भोंगा खाली वॉचमनपर्यंत ऐकू जाणार होता. सेल्समनने दाराला सेन्सर चिकटवला. "अलार्म बंद करने का कोड किस-किस को देना है? माताजी को भी?"

"नहीं," प्रफुल्ल म्हणाला आणि लाजेने त्याची मान खाली गेली. "सिर्फ़ हम दोनों को, और ग्यारह बजे जो बाई आती है उसको."

"ठीक है, ट्रायल लेता हूँ."

त्याने आतून दार उघडलं आणि भोंगा असा किंचाळला की समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकायला लागला.

कुसुमावतीबाई ताडकन उठल्या. त्यांनी प्रफुल्लचं मनगट धरलं, त्याला मागे खेचलं आणि दोन्ही हात पसरून उघड्या दारासमोर उभ्या राहिल्या.

"बाबू, माझ्या मागे हो," त्या ओरडल्या. "घाबरू नको. मी असताना तुला कोणी हात लावणार नाही."

सेल्समनने घाईघाईने भोंगा बंद केला. पन्नाशीचा प्रफुल्ल आईच्या पाठीशी तसाच उभा राहिला. पुढे येऊन तिच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होईना.

हात खाली न घेताच त्यांनी विचारलं, "गेला का रे चोर?"